कुणाकडे ऐकलं होतं?

नागपुरात धंतोलीतल्या एका मैत्रिणीच्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही आठ-दहा जण जमतो. बहुतेकांनी सत्तरी गाठली आहे, काहींनी ओलांडली आहे. नियम एकच: प्रत्येकाने साठच्या दशकातलं आपल्या आवडीचं एक गाणं आणायचं. कुणी मोबाइलमध्ये आणतं, कुणी जुनी तबकडी कापडात गुंडाळून आणतं, कुणाला नुसतं तोंडपाठ असतं. पोहे होतात, त्यावर तर्री पडते आणि मग एकेक गाणं लागतं.

तीन-चार बैठका झाल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गाणं संपलं की चित्रपट, गायक, संगीतकार हे सगळं दोन वाक्यांत आटपतं. पुढची दहा मिनिटं जातात ती ते गाणं कुणाकडे ऐकलं होतं हे सांगण्यात. "आमच्याकडे कुठला रेडिओ जी, समोरच्या वकीलसाहेबांकडे होता." "पानठेल्यावर वाजून राहिलं होतं, मी दळणाचा डबा घेऊन तिथेच उभी." "मावशीच्या लग्नात. मांडवावरचा भोंगा थेट माझ्या कानाशी."

मग हाच प्रश्न मनात घेऊन मी या वर्षी शहरभर फिरले. महालात, इतवारीत, अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, इंदोऱ्यात, सदरमध्ये. आवडतं गाणं कोणतं, एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. उत्तरात गाणं आधी यायचं आणि त्याच्या मागोमाग एखादा माणूस यायचा. साठच्या दशकातलं नागपूरचं गाणं मला या माणसांमधून सापडलं.

माईंचा हात

सुरुवात माझ्यापासूनच करते. महालातल्या आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती आणि रेडिओ एक. तो गुरुजींकडे होता. गुरुजी शाळेत शिकवायचे. रेडिओचा परवाना पोस्टातून काढावा लागे, वर्षाला १५ रुपये भरून. शिक्षकाच्या पगारात ती रक्कम थोडी नव्हती. गुरुजी परवान्याची वही रेशनकार्डाशेजारी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवत.

फडताळावर तो रेडिओ, त्यावर क्रोशाचं झाकण. वाड्याच्या चौकावरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तारेच्या जाळीची पट्टी ताणलेली असे, ती एरियल. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतल्या व्हॉल्व्हना गरम व्हायला वेळ लागायचा. आधी काचेवर पिवळा उजेड, मग स्टेशन जुळल्याचं दाखवणारा हिरवा डोळा मिचकायचा आणि मग कुठूनसा खोल विहिरीतून यावा तसा आवाज वर यायचा.

बुधवारी रात्री ८ वाजता अख्खा वाडा तिथे जमायचा. रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला, लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी! पुरुष ओसरीवर, मुलं चौकात आणि आम्ही मुली स्वयंपाकघराच्या दारात. रेडिओजवळ मात्र माई बसायच्या, गुरुजींच्या पत्नी. सिलोनचा आवाज लाटेसारखा येई. मोठा व्हायचा, दूर जायचा, मधेच कुठलं तरी परदेशी स्टेशन त्यात घुसायचं. माईंचा उजवा हात तासभर त्या बटणावर असायचा. आवाज जायला लागला की त्या काटा केसभर सरकवायच्या, तोही न बघता. पोळी फुगली हे जसं न बघता कळतं, तसं त्यांना कळायचं. बिगुल वाजून पहिल्या पायदानावरचं गाणं लागायचं तेव्हा चौकात आरडाओरडा व्हायचा. माईंचा हात तेव्हाही तिथेच असायचा.

तो आवाज नागपुरात इतक्या लांबून का यायचा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि चित्रपटगीतं त्यांना उथळ वाटत. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेली ताकदवान प्रक्षेपण यंत्रणा सिलोनकडे आयती होती. निवेदक अमीन सायानी कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित करायचे, टेप कोलंबोला जायची आणि तिथून गाणं समुद्र ओलांडून परत आपल्याकडे यायचं. मुंबईत झालेलं गाणं महालातल्या वाड्यात पोचायला एवढा वळसा! १९६४ साली 'संगम', १९६६ साली 'सूरज', १९६७ साली 'मिलन', वर्षाअखेरी या चित्रपटांतली गाणी पहिल्या पायदानावर होती. आमच्या वाड्यात ती माईंच्या हाताखालून आली.

दोन भाषांचे कान

नागपूरचे कान आधीपासूनच दोन भाषांचे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्या दिवशी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. सिनेमाच्या धंद्यात मात्र आमचा मुलूख अजूनही 'सीपी-बेरार' म्हणूनच ओळखला जातो. राज्य जाऊनही नाव राहिलं, तसे कानही राहिले. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि गाण्याला भाषा विचारायची नाही.

सिव्हिल लाइन्समधलं आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं, राजधानीचं केंद्र म्हणून. अजनीतले एक निवृत्त रेल्वे गार्ड सांगत होते, "वडील हिंदी बातम्या ऐकायचे, आई मराठी भावगीतं. रेडिओ लावायचा कुणी, यावरून घरात भांडण नव्हतं, कारण स्टेशन एकच!" गार्डसाहेबांची नोकरी इटारसीच्या मार्गावर. ते म्हणाले, एकच हिंदी गाणं तीन गावांच्या फलाटांवर तीन वेगवेगळ्या उच्चारांत गुणगुणलेलं त्यांनी ऐकलं आहे.

नवं राज्य आलं त्याच सुमारास शाहीर साबळ्यांच्या आवाजात महाराष्ट्राचं जे गौरवगीत घराघरांत पोचलं, ते लिहिलं नागपूरच्या राजा बढे यांनी. चाल श्रीनिवास खळे यांची. वेगळ्या विदर्भाची भावना इथे तेव्हाही होती, आजही आहे. आणि महाराष्ट्राचं गाणं लिहिणारा कवी याच मातीत जन्मलेला. १९१२ साली जन्मलेल्या या कवीने सुलोचना चव्हाणांसाठी विड्याच्या पानावरची लावणीही लिहिली. एका माणसाच्या लेखणीचा केवढा पल्ला! २०२३ साली त्यांचं ते गीत राज्यगीत झालं. इतवारीतल्या एका आजींना हे सांगितलं, तर त्यांना आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. "म्हणजे आमच्या शाळेतल्या बाईंची निवड बरोबर होती," त्या म्हणाल्या. बाईंनी ते गाणं फळ्यावर लिहून शिकवलं होतं.

तीन मिनिटांचा घास

रेडिओ घरात होता. रस्त्यावर होता तो भोंगा. गणपती, शारदोत्सव, लग्न, पानठेल्याचं उद्घाटन, काहीही असो, लाउडस्पीकरवाला हवाच. महालात असं काम केलेले एक काका भेटले, वय ८४. त्यांच्या खोलीत तबकड्या वाजवायचं एक यंत्र अजूनही आहे. ते आता वाजत नाही, पण त्यावर धूळ नाही.

मी म्हटलं, दाखवा ना कसं करायचे. ते सरसावून बसले. डाव्या हाताने तबकडी धरली, कडेने, मधल्या भागाला बोट न लावता. मखमलीच्या तुकड्याने आतून बाहेर पुसली. मग डबीतून सुई काढली, बसवली, स्क्रू आवळला. "प्रत्येक बाजूले नवी सुई. जुनी सुई लावली का तबकडी खरवडते, अन् मालक खरवडतो आपल्याले." हात खाली आणताना त्यांनी श्वास रोखला होता, हे मी पाहिलं. यंत्र बंद, तबकडी जागच्या जागी, तरी श्वास रोखला.

मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती तबकडी एका बाजूला जेमतेम ३ मिनिटं वाजायची. लग्नाच्या पंगतीत काकांचं पान यंत्राशेजारीच वाढलं जाई. "तीन मिनिटांत जेवढे घास जातीन तेवढे खायचे. मग हात पुसायचा, तबकडी उलटवायची, पुन्हा घास. माह्या जेवणाचा हिशोब गाण्यानं व्हायचा." लोक चिठ्ठ्या आणून द्यायचे. नवरदेवाच्या मित्रांची चिठ्ठी, नवरीच्या काकांची चिठ्ठी. कुणाचं गाणं आधी लावायचं, यावर काकांनी सोयरिकी सांभाळल्या आहेत.

त्या तबकड्या लाखेच्या. पळसाच्या, कुसुमाच्या झाडावर किडा जी लाख करतो ती. पूर्व विदर्भाच्या जंगलांत ही झाडं उदंड. काकांना हे ठाऊक होतं. तबकडी हातातून पडली की काचेसारखी फुटायची. फुटलेल्या एका तबकडीचा तुकडा त्यांनी जपून ठेवलाय. कोणत्या गाण्याचा, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

जे रेडिओवर नव्हतं

इंदोऱ्यातल्या आजींनी मला थांबवलं. "तुम्ही सिलोन-सिलोन करून राहिल्या बाई. आमचं गाणं तिथं कुठं होतं?" १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर दर विजयादशमीला दीक्षाभूमीवर गावोगावहून माणसं येऊ लागली आणि येताना गाणी घेऊन येऊ लागली. वामनदादा कर्डकांची गाणी, कव्वालीच्या ढंगातली भीमगीतं. आजींनी ती ऐकली मैदानात, रात्रभर, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. पातळशी गाण्यांची पुस्तकं मिळायची. ज्याला वाचता येई तो एक ओळ म्हणायचा, बाकीचे उचलायचे. "आईले वाचता येत नव्हतं. तिले शंभर गाणी पाठ होती," आजी म्हणाल्या. त्यांनी स्वतः दोन गाणी म्हणून दाखवली, टाळी वाजवत. वरच्या मजल्यावरून नातू आवाज ऐकून खाली आला आणि दारातच बसला.

तसंच तुकडोजी महाराजांचं. हातात खंजिरी, समोर हजारोंचा समुदाय आणि हिंदी-मराठी दोन्हींत भजन. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला महाराज गेले. गणेशपेठेतले एक माजी गिरणी कामगार त्या काळात एम्प्रेस मिलमध्ये होते. ते म्हणाले, रात्रपाळी संपवून घरी येताना चार जण रस्त्याने भजन म्हणत यायचे. यंत्रांच्या आवाजाने कान बधिर झालेले असायचे, म्हणून मोठ्याने. "झोपलेल्या लोकांनी कधी शिव्या नाही दिल्या?" मी विचारलं. "खिडकीतून साथ द्यायचे," ते म्हणाले.

लोकप्रिय संगीत म्हटलं की आपण चित्रपट आणि रेडिओ एवढंच धरतो. नागपूरच्या त्या दशकाचा हिशोब त्यात बसत नाही. ज्या गाण्यांना तबकडी मिळाली नाही, त्यांना माणसांनी अंगावर वाहून नेलं.

एका विद्यालयाचे दोन विद्यार्थी

आता एक गोष्ट सांगते, जी या शहरातल्या मुलांना शाळेत सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य शंकरराव सप्रे नागपुरात श्रीराम संगीत विद्यालय चालवत. त्यांच्याकडे शिकलेल्यांत एक होता रामचंद्र चितळकर आणि एक वसंत देशपांडे.

रामचंद्र पुढे सी. रामचंद्र झाला. चीनच्या युद्धात पडलेल्या जवानांसाठी कवी प्रदीपांनी गीत लिहिलं, चाल सी. रामचंद्रांनी दिली आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लता मंगेशकरांनी ते गायलं. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गाणं आमच्या वाड्यात लागलं तेव्हा गुरुजी उठून उभे राहिले होते. राष्ट्रगीत नव्हतं, तरी उभे राहिले. मग एकेक करून सगळेच उठले. मी नऊ-दहा वर्षांची असेन. रेडिओसमोर उभं राहून ऐकलेलं ते माझ्या आयुष्यातलं एकमेव गाणं.

दुसरा विद्यार्थी, मूर्तिजापूरला जन्मलेला आणि नागपुरात वाढलेला, बरीच वर्षं पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करत होता. २४ डिसेंबर १९६७ रोजी 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचेच. आमच्याकडे त्यांना दारव्हेकर मास्तर म्हणत. रंजन कला मंदिर ही त्यांची संस्था, आणि आकाशवाणीवरचं त्यांचं काम लोक आजही आठवतात.

धंतोलीच्या बैठकीत एका डॉक्टरांनी 'कट्यार'मधलं पद आणलं होतं. ते त्यांनी पहिल्यांदा ऐकलं मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहात. नाटक बघून आलेला एक मित्र पहाटे २ वाजता सगळ्यांना उठवून गायला बसला होता. त्याला सूर नव्हता. "पण त्यानं जे ऐकलं होतं, ते आम्हाला ऐकू आलं," डॉक्टर म्हणाले.

आम्हाला वाटायचं गाणी मुंबईहून येतात, पुण्याहून येतात, सिलोनहून येतात. त्यातली काही इथूनच तिकडे गेली होती आणि वळसा घालून घरी परतत होती.

१ नोव्हेंबर १९६७

केसकरांच्या धोरणाला उतारा म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली होती. पण नागपूरच्या दृष्टीने मोठा दिवस उजाडला तो दहा वर्षांनी. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या देशात सर्वांत आधी मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर.

एका दुकानदार काकांना तो काळ लख्ख आठवतो. बर्डीवर त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. रेडिओवर ज्या वस्तूचं गाणं वाजे, तिचं नाव गिऱ्हाइकं चालीत मागायला लागली. "साबण द्या म्हणायचे नाहीत, गाऊन मागायचे," ते हसत म्हणाले. याच सुमारास ट्रान्झिस्टरही हातोहाती आला. सेलवर चालणारा, परवाना त्यालाही लागायचा, पण भिंतीला बांधलेला नाही. तो शेतावर गेला, फुटाळा तलावाच्या काठावर गेला, सायकलच्या हँडलला लटकला. सकाळी हिरवी भाजी विकणाऱ्या बाईच्या हातगाडीवरही तो दिसायला लागला.

आमच्या वाड्यातही १९६९ सालापर्यंत चार ट्रान्झिस्टर आले. बुधवारची गर्दी हळूहळू विरळ झाली. कुणी कुणावर रागावलं नव्हतं. प्रत्येकाच्या खोलीत आवाज होता, एवढंच. मला मात्र ट्रान्झिस्टरबद्दल तक्रार करवत नाही. पानठेल्यावर उभं राहायला मुलींना मनाई असलेल्या घरात, उशीखाली ठेवलेल्या त्या छोट्या पेटीने मला रात्री ११ वाजता एकटीने गाणं ऐकायला शिकवलं. ते सुखही खरं होतं.

त्या एकट्या ऐकण्याला लागणारे शब्दही तेव्हा जवळच लिहिले जात होते. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांचा 'रूपगंधा' हा पहिला संग्रह १९६१ साली आला. त्यातल्या काही कवितांना पुढे हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या आणि लताबाईंच्या आवाजात त्या मराठी मनात जाऊन बसल्या. भटांनी अखेरचा श्वास नागपुरातच घेतला, १४ मार्च २००३ रोजी. रेशीमबागेतल्या भव्य सभागृहाला आज त्यांचं नाव आहे. आमच्या बैठकीतल्या एक बाई त्यांचं गाणं आणतात आणि डोळे मिटून ऐकतात. "हे कुणाकडे ऐकलं होतं?" या प्रश्नावर त्यांनी एकदाच उत्तर दिलं: "हे मी कुणाकडे नाही ऐकलं. हे माझं."

सात वाजून सत्तावन्न मिनिटं

लेख लिहायला घेतला तेव्हा एक प्रश्न मला डाचत होता. शहरभर सगळ्यांना आवडतं गाणं विचारलं. माईंना कधी कुणी विचारलं होतं का? इतकी वर्षं दर बुधवारी वाड्यातल्या पन्नासेक माणसांना ज्यांनी गाणं पोचवलं, त्यांना स्वतःला कोणतं आवडायचं?

माई आणि गुरुजी जाऊन कितीतरी वर्षं झाली. वाडाही उरला नाही, तिथे चार मजली इमारत उभी आहे. त्यांची मुलगी शंकरनगरला राहते, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्याकडे गेले. तिने विचार करायला क्षणभरही घेतला नाही.

सकाळी रेडिओ सिलोनवर जुन्या चित्रपटांच्या संगीताचा कार्यक्रम असे, साडेसात ते आठ. त्याचा शेवट रोज कुंदनलाल सैगलांच्या गाण्याने व्हायचा. गुरुजी सकाळच्या शाळेला गेलेले, मुलं आंघोळीच्या गडबडीत, वाडा नळावर पाणी भरण्यात गुंतलेला. सात वाजून सत्तावन्न मिनिटांनी माई तवा उतरवून ठेवायच्या आणि रेडिओजवळ येऊन उभ्या राहायच्या. तीन मिनिटं. आवाज अगदी बारीक, दाराबाहेर जाणार नाही इतका. आठचे ठोके पडले की परत चुलीपाशी.

"तेव्हा हात बटणावर असायचा का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पदरात असायचे दोन्ही. आवाज गेला तर जाऊ द्यायची."

गेल्या महिन्यात धंतोलीला मी सैगलांचं गाणं घेऊन गेले. साठच्या दशकातलं नव्हे, त्याच्याही कितीतरी आधीचं. नियम मोडला, पण कुणी हरकत घेतली नाही. गाणं संपलं. पोह्यांच्या बश्या तशाच हातात राहिल्या होत्या. मग घरच्या मैत्रिणीने नेहमीचा प्रश्न विचारला, कुणाकडे ऐकलं होतंस?

मी म्हटलं, मी नव्हतं ऐकलं. माई ऐकायच्या.